खराब बॅटरीलाही धड डबा हवा

महोदय,

भोसरीत माझा प्लॅस्टिक फॉर्मिंगचा छोटा कारखाना आहे. इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या ने-आण करण्याचे, पुन्हा पुन्हा वापरायचे डबे आम्ही बनवतो. खाली पॅलेट, मधे दुमडणारी पीपीची (पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची) भिंत, वर झाकण. पॅलेटसाठी दोन शीट एकदम तापवतात. त्या पोट सोडू लागल्या की साचा मिटतो, व्हॅक्यूम लागतो आणि गरम असतानाच दोन्ही शीट कडेने एकजीव होतात. मधल्या पोकळीवरच पॅलेट वजन पेलते. शीट जराशी कमी तापली, तर फोर्कलिफ्टच्या पहिल्याच धक्क्याला सांधा उकलतो. आमची एक अख्खी खेप अशीच भंगारात गेली आहे.

एवढी काळजी नव्या बॅटरीची. गेल्या महिन्यात सोलापूरकडे एका विक्रेत्याकडे रिकामे डबे मोजायला गेलो होतो. बारापैकी सात सापडले, त्यातल्या एकात पाणी भरून ठेवलेले. मागच्या आवारात फुगलेली एक बॅटरी सिमेंटच्या पोत्यात गुंडाळून, सुतळीने बांधून टेम्पोत चढवत होते. शेजारी ऑइलचे कॅन. मी हमालाला अडवले, तर तो म्हणाला, "साहेब, अशाच जातात."

लिथियम बॅटरी धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात मोडते. मार लागलेली किंवा फुगलेली बॅटरी आतल्या आत शॉर्ट होऊन काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. तिला आमचा नेहमीचा डबाही चालत नाही. फोमऐवजी भोवती न जळणारे, वीज न वाहणारे भरण लागते, वर्मिक्युलाइट या खनिजासारखे. डबाही त्यासाठी चाचणी झालेला हवा. तो महाग पडतो, हे मी नाकारत नाही. पण एकदा घेतला की वर्षानुवर्षे फिरतो.

2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मग प्रत्येक सर्व्हिस सेंटरवर असा एक डबा कंपनीनेच ठेवावा. नवा माल उतरवून परत फिरणाऱ्या गाडीतून, धोकादायक माल नेण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या चालकाबरोबर तो यावा. आमचे चार रिकामे डबे दुमडले की एकाच्या जागेत मावतात, त्यामुळे गाडीत जागा नाही ही सबब ऐकून घेऊ नये. परिवहन खात्यानेही तपासणीला गेल्यावर शोरूमबरोबर मागचे आवार पाहावे.

– एक लघुउद्योजक, भोसरी