दोन्ही वेळा हात वर

प्रिय अनू,

रविवारपासून तू माझ्याशी मोजून चार शब्द बोलली आहेस, त्यातले दोन "भूक नाही." म्हणून हे पत्र तुझ्या बीजगणिताच्या वहीत ठेवतेय. ती वही सहामाहीच्या आधी उघडशील, अशी आशा आहे.

तू मैत्रिणींबरोबर बघितलेल्या सिनेमाला मी वाईट म्हटलं, तेव्हाचं "आई, तू बघितलाच नाहीस, मग वाईट कसा म्हणतेस?" हे तुझं बोलणं झोंबलं मला. कारखान्यात कुणी बिल न बघता नोंद केली की मीच आवाज चढवते. म्हणून काल रात्री तू आणि चिनू झोपल्यावर तो अमेरिकेतल्या शाळकरी मुलींचा सिनेमा, "मीन गर्ल्स", लावला, खाली अक्षरं लावून. बाबा पाणी प्यायला उठले, "काय बघालीस गं एवढ्या रात्री?" म्हणाले, आणि शेवटपर्यंत बसले.

आधी माझी तक्रार ऐक. तो कोच. शाळेतला शिक्षक, विद्यार्थिनींच्या मागे लागलेला, आणि सिनेमा त्याचा विनोद करून पुढं जातो. मला हसू आलं नाही. बाबांनाही नाही. दुसरं ते जाडीचं. शाळेत सगळ्यांवर तोरा मिरवणाऱ्या त्या रेजिनाला, वजन कमी होईल असं सांगून, वजन वाढवणाऱ्या वड्या खायला घालतात, आणि तिला कपडे होईनासे झाले की आपण हसायचं. तुझ्या वर्गातली जी मुलगी डबा झाकून खाते ना, ती हा सिनेमा बघताना कुठं बघत असेल? बाकी ती पार्टी, ते दारूचे ग्लास, सोळाव्या वर्षी गाडी चालवणं, हे तिकडचं आहे. ते बघून तू बिघडशील असं मला वाटत नाही. तिकडं त्याला पीजी-१३ दिलंय, म्हणजे तेराच्या आतल्यांच्या आईबापांनी जपून. आपल्याकडंही २०२३ च्या कायद्यानं यूए चे, म्हणजे मुलांनी आईबापांच्या सल्ल्यानं बघायच्या सिनेमांचे, सात, तेरा आणि सोळा वर्षं असे भाग केलेत, पण त्यासाठी दारावर कुणी अडवत नाही, ते आईबापांनीच बघायचं असतं. तर मी बघितलं. तू बघ. चिनूनं नाही.

आता जे सांगायला बसलेय ते.

सिनेमाची नायिका केडी, तिला गणित येतं. आफ्रिकेत आईबापांनी घरीच शिकवलेली पोर, आकडे तिला सोपे जातात. आणि पुढच्या बाकावरच्या मुलानं बोलावं म्हणून ती येत असलेलं गणित येत नाही म्हणते, मुद्दाम चुकवते, नापास व्हायला लागते. तुम्ही मैत्रिणी तिथं हसला असाल. मी टीव्ही थांबवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आले.

माझ्या बाबतीत मुलगा वगैरे नव्हता (असता तरी तुला सांगितलं नसतं). आमच्या घरी माझा चुलतभाऊ शिकायला होता, माझ्याच इयत्तेत. त्याला गणित जमायचं नाही. तो पाटीवर अडकला की मी पटकन उत्तर सांगायची, आणि आजी म्हणायची, "पोरीच्या जातीनं एवढं फडाफडा बोलू नये, त्याचं मन मोडतं." मग मी थांबायला शिकले. आधी त्याच्यापुरती, मग शाळेत, मग सगळीकडं. दहावीला तो पास झाला तेव्हा पेढे वाटले. माझे गणितातले गुण त्याच्याहून तीसनं जास्त होते, ते कुणी विचारले नाहीत आणि मीही बोलले नाही.

ते अजून सुटलेलं नाही बघ. इथं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इतकी वर्षं हिशेब लिहिते. मालकांच्या बेरजेत चूक दिसली, अगदी ढळढळीत दिसली, तरी तोंडातून निघतं, "साहेब, जरा बघता का, माझंच चुकलं असेल." मागच्या महिन्यात मी फोनवर हेच म्हणाले तेव्हा तू समोर शेंगा सोलत बसली होतीस. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "तुझं चुकलं होतं का?" मी "नाही" म्हणाले. "मग?" या तुझ्या प्रश्नाला मी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. शिट्टी झाली नव्हती.

शेवटच्या गणित-स्पर्धेतलं ते सीमेचं, म्हणजे लिमिटचं, गणित आठवतंय? एक्स शून्याच्या जवळ नेला की उत्तर कुठल्या आकड्याकडं जातं ते सांगायचं. केडी म्हणते, सीमा अस्तित्वातच नाही. मी ते कागदावर उतरवून घेतलं आणि सकाळी चहा उकळेपर्यंत फोनच्या कॅल्क्युलेटरवर, रेडियन लावून, करून पाहिलं. एक्सच्या जागी ०.०१ घातलं की उणे दोनशेच्या खाली जातं. उणे ०.०१ घातलं की अधिक १९९ च्या वर. शून्याच्या जितकं जवळ जावं तितकी दोन्हीकडची उत्तरं एकमेकांपासून लांब पळतात. पोरीचं उत्तर बरोबर आहे. चहा उतू गेला, पण इतकी मजा मला बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

आणि सिनेमातली ती गुलाबी वही. वर्गातल्या प्रत्येकीचा फोटो चिकटवून खाली घाण लिहायचं. पुढं तिच्या झेरॉक्स शाळाभर उधळतात. तुमच्या काळात झेरॉक्सचेही पैसे पडत नाहीत, ग्रुपवर टाकलं की झालं. ती गणिताची बाई सगळ्या मुलींना जिममध्ये बसवून विचारते, तुमच्या पाठीमागं कुणी वाईट बोललंय का? सगळे हात वर. तुम्ही कुणाबद्दल बोललाय का? पुन्हा सगळे हात वर. बाबा माझ्याकडं बघायला लागले, कारण मी अंधारात बसून खरंच हात उचलला होता.

आमच्या वर्गात पूर्व भागातली एक मुलगी होती. घरी तेलुगू बोलायची, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ लिहायची. तिची आई विड्या वळायची, आणि शाळा सुटली की ही पण सूप मांडीवर घेऊन बसायची. पान ओलं करायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. बोटांना वास राहायचाच. आमच्यात तेव्हा स्लॅमबुकाची साथ होती. तिच्या पानावर "आवडता सेंट" या रकान्यात मी एक शब्द लिहिला. कुठला ते तुला कळलं असेल. तो दहावीपर्यंत तिचं नाव होऊन राहिला. त्याच हातांनी ती घर चालवायला मदत करत होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. लहान होते, कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

सिनेमात माफी मागणं फार सोपं करून टाकलंय. एकेक मुलगी स्टेजवर चढते, बोलते, पाठीमागं पडते, बाकीच्या झेलतात. शेवटी केडी तो प्लॅस्टिकचा मुकुट मोडून तुकडे वाटते आणि सगळ्या खूश. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना खूश व्हायचं होतं का, हे कुणी विचारत नाही. तरीही तेवढं तरी तिनं केलं. मी काय केलं?

गेल्या वेळच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर, चिनू पाळण्यासाठी रडत होता तेव्हा जी बाई "अगं, तू!" म्हणून थांबली होती आणि तुझ्या हातात चुरमुऱ्याचा पुडा देऊन गेली, ती तीच. तू नंतर विचारलंस, "आई, तू तिच्याशी अशी तुटक का बोललीस?" तेव्हा मी गर्दीचं कारण दिलं. तिनं नंबर दिलाय. अजून लावलेला नाही.

रविवारी दुपारी चिनूला आजीकडं पाठवते. तुझ्या मैत्रिणींनाही बोलाव, कडक भाकरी चुरून शेंगाचटणी-दही घालून ठेवीन. सिनेमा पुन्हा लावू. कोच आला की मी थांबवणार आणि दोन मिनिटं बोलणार, तेवढं सहन कर, "काय बे आई" म्हणायचं नाही. बाकी वेळ गप्प बसते.

आणि घरात गणित आलं की सांगत जा. मोठ्यानं.

तुझी,
आई