लेकीची शाळा: कोलंबसहून पत्र

कोलंबस, इंडियाना, अमेरिका

प्रिय मनू,

बदली पक्की झाली तर! पुण्याच्या कमिन्स इंजिन कंपनीतून थेट कमिन्सच्या मूळ गावी. तुला थंडीचं काही नाही, लेकीच्या शाळेची धास्ती आहे, हे कळलं मला.

शाळा सरकारीच घ्या. इथे कंपनीतल्या साहेबांची आणि शॉप फ्लोअरवरच्या कामगारांची मुलं एकाच पिवळ्या बसमधून जातात. फी नाही. पुस्तकांचं भाडं तेवढं इंडियानात पालकांच्या माथी होतं, तेही २०२३च्या कायद्याने गेलं.

मात्र घाईने घराचं अ‍ॅग्रीमेंट करू नका. घर ज्या हद्दीत, साधारण तीच शाळा, नॉर्थ किंवा ईस्ट हायस्कूल. दोन्ही एकाच स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाच्या, आणि बोर्ड लोकांनी निवडून दिलेलं. इंटरनेटवरचं रेटिंग बघून झोप उडवून घेऊ नकोस. त्या आकड्यांतून शिक्षक कळत नाहीत.

शाळांच्या इमारती बघून तू चाट पडशील. गाव जेमतेम पन्नास हजारांचं, पण कमिन्सचे तेव्हाचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांनी १९५०च्या दशकात एक योजना काढली: सार्वजनिक इमारतीसाठी कमिन्स फाउंडेशनच्या यादीतला नामवंत आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही देतो. १९५७ साली एका प्राथमिक शाळेपासून सुरुवात झाली. ईस्ट हायस्कूल १९७२चं. चांगले इंजिनिअर या आडगावात यावेत, टिकावेत, हा हिशेब त्यात होताच. म्हणजे तुमच्यासाठी पायघड्या तेव्हापासूनच घालून ठेवल्यात म्हण ना!

अभ्यासाचं सांगते. हायस्कूल नववी ते बारावी. सायन्स-कॉमर्स अशा शाखा नाहीत. काही विषय सक्तीचे, बाकीचे आपण निवडायचे. गणिताबरोबर सुतारकामही घेता येतं. वर्ग ठरलेला नसतो, तास बदलला की मुलंच दप्तर घेऊन दुसऱ्या खोलीत पळतात. प्रत्येक विषय पास झाल्यावर क्रेडिट जमा होतं, आणि ते नववीपासून मोजतात, म्हणून नववी-दहावीच्या गुणपत्रिका शाळेचा शिक्का मारून आण. लसीकरणाचा दाखलाही लागेल. गणित तिला जड जाणार नाही. घाम फुटेल तो अमेरिकेच्या इतिहासाला, तो सक्तीचाच आहे, आणि पानंच्या पानं स्वतःच्या शब्दांत लिहायला.

बास्केटबॉलचं वेड मात्र सांगून समजायचं नाही. देशातली हायस्कुलांची सगळ्यांत मोठी जिम्नॅशियम, म्हणजे मॅचची बंदिस्त सभागृहं, बहुतेक इंडियानातच आहेत. हिवाळ्यात मॅच असली की ज्यांची मुलं शाळेत नाहीत असे आजी-आजोबाही येऊन बसतात. खेळ कळो न कळो, तिला पाठव. ओळखी तिथेच होतात.

एक गोष्ट लिहिताना हात अडतो. आगीची ड्रिल होते तशी बंदूकधारी आत शिरला तर काय करायचं, याचीही होते. दार लावून, दिवे घालवून मुलं चिडीचूप बसतात. तिला आधीच नीट समजावून आण. इथल्या मुलांना त्याची सवय झालीये, आणि मला त्या सवयीचंच जास्त वाईट वाटतं.

घरांचे पत्ते पाठव, कोणतं कुठल्या हद्दीत ते बघून कळवते. शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच भरते, त्यामुळे जुलैच्या मध्यापर्यंत पोहोचाच. आणि तिला विचारून ठेव, बँड घेणार की चित्रकला? विषय निवडायचा फॉर्म भरताना पहिल्यांदा तेच विचारतील.

तुझीच,
कोलंबसकरीण