काठचा पाला म्हणजे घाण नव्हे

संपादक महोदय,

तळ्यांच्या स्वच्छतेवरील आपल्या पुरवणीतील लेखात काठावरून पाण्यात पडणाऱ्या पालापाचोळ्याला निव्वळ घाण म्हटले आहे. ते पटले नाही. सरोवरातील जीवसृष्टी केवळ पाण्यातल्या शेवाळावर पोसली जाते, असा समज बराच काळ होता. अमेरिकेत मिशिगनमधील पीटर आणि पॉल या लहान सरोवरांत कार्बन-१३ (कार्बनचा किंचित जड प्रकार) मिसळून शेवाळातला कार्बन वेगळा ओळखता येईल असा प्रयोग झाला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तेथील प्राणिप्लवकांच्या (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या) शरीरातील २२ ते ५० टक्के कार्बन जमिनीवरून आलेला होता. पान कुजते, त्यावर जिवाणू वाढतात, ते प्लवकांचे अन्न होतात आणि प्लवक माशांच्या पिल्लांचे. कॅनडात सडबरीजवळच्या डेझी सरोवरात तर पर्च माशांच्या पिल्लांच्या वजनाचा किमान ३४ टक्के भाग काठच्या वनस्पतींतून आलेला आढळला. विरळ झाडीकडची पिल्ले आकाराने लहान होती.

सांडपाण्याने हिरव्या पडलेल्या शहरी तळ्याची गोष्ट वेगळी. तिथे कुजणारा पाला प्राणवायू आणखी घटवतो. पण तेवढ्यावरून प्रत्येक तळ्याकाठची झाडे तोडण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

– एक वाचक