पोर्टलंडला बेसबॉल संघ हवाच, पण 80 कोटी डॉलरचा हिशेब आधी मांडा

मा. टीना कोटेक,
गव्हर्नर, ओरेगॉन राज्य, सेलम.

सादर नमस्कार.

मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये 1998 नंतर नवा संघ आलेला नाही. आयुक्त रॉब मॅनफ्रेड जानेवारी 2029 मध्ये पद सोडणार आहेत आणि त्याआधी नव्या संघांसाठी दोन शहरे ठरवण्याचा मनोदय त्यांनी बोलून दाखवला आहे. सॉल्ट लेक सिटी, नॅशव्हिल, शार्लट, रॅली अशी नावे चर्चेत आहेत. आमचे मत पोर्टलंडला. पश्चिमेत संघ कमी आहेत, जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस जवळजवळ नसतो आणि मैदानासाठी सुचवलेल्या, विलमेट नदीकाठच्या झायडेल यार्ड्सच्या जागेजवळून ट्राम-रेल्वे जाते. एप्रिलमधल्या पावसासाठी छप्पर लागेल, तो खर्च वेगळा. शहराबद्दल आमचे एवढेच म्हणणे. खरा प्रश्न पैशांचा आहे.

ओरेगॉनच्या 2003 च्या कायद्याने मैदानासाठी 15 कोटी डॉलरपर्यंतच्या रोख्यांची, म्हणजे राज्याने व्याजावर घ्यायच्या कर्जाची, सोय केली होती. 2025 मध्ये आपल्या सहीने ती मर्यादा 80 कोटींवर गेली. परतफेड खेळाडू आणि संघाचे कर्मचारी राज्याला जो प्राप्तिकर भरतील त्यातून व्हायची आहे. कल्पना चांगली आहे, कारण संघ आला नाही तर कुणाचे काही जात नाही. आकडे मात्र जुळत नाहीत.

पाहुण्या संघाचा खेळाडू ओरेगॉनला पूर्ण पगारावर कर देत नाही, इथे काम केलेल्या दिवसांच्या प्रमाणात देतो. फेब्रुवारीतल्या सरावापासून सप्टेंबरअखेरपर्यंत कामाचे साधारण 220 दिवस धरले, तर घरच्या 81 सामन्यांमुळे स्थानिक, म्हणजे पोर्टलंड संघाच्या, खेळाडूचे इथे 90 च्या आसपास दिवस भरतात, कारण वसंतातला सराव ॲरिझोनात आणि उरलेले निम्मे सामने बाहेर. तो राज्याबाहेर राहत असेल तर तेवढ्याच दिवसांचा कर देईल; ओरेगॉनचा रहिवासी असेल तर सगळ्या पगारावर जास्तीत जास्त 9.9 टक्के देईल. पण तो इथे का राहील? पोर्टलंड ज्या मल्टनोमा काउंटीत (जिल्ह्यात) आहे तिचा 3 टक्के आणि मेट्रो या प्रादेशिक शासनाचा 1 टक्का धरला तर वरच्या उत्पन्नावर 13.9 टक्के होतात, आणि स्थानिक करांचे ते 4 टक्के या रोख्यांच्या कामाचेही नाहीत. कोलंबिया नदीचा पूल ओलांडला की वॉशिंग्टन राज्याचे व्हँकुव्हर, जिथे पगारावर राज्याचा प्राप्तिकरच नाही.

दोन्ही टोकांचा हिशेब करून पाहा. संघाचा पगारखर्च 15 कोटी डॉलर आणि पाहुण्या संघांचा सरासरी तेवढाच, असे आम्ही गृहीत धरले. स्थानिक खेळाडू सगळे नदीपलीकडे राहिले तर दोन्ही बाजूंचा मिळून कर वर्षाला जेमतेम 1.2 कोटी. सगळे ओरेगॉनवासी झाले तरी 2 कोटींच्या थोडे वर. 80 कोटींचे रोखे साडेचार टक्क्यांनी 30 वर्षांत समान हप्त्यांत फेडायचे म्हटले तर हप्ता 4.9 कोटींचा. संघाच्या अधिकाऱ्यांचा कर मिळवला तरी ही दरी बुजत नाही.

पगार वाढत जातील, असे उत्तर मिळेल. वाढतीलही, पण नव्या संघाची सुरुवात नेमकी कमी पगारावर होते. 1997 च्या विस्तार-निवडीत, म्हणजे नव्या संघांनी जुन्या संघांतून खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ॲरिझोना आणि टँपा बे या नव्या संघांनी प्रत्येकी 35 खेळाडू घेतले, आणि ते इतर संघांनी राखून न ठेवलेल्यांतले. म्हणजे व्याज सुरू होते तेव्हाच कर सर्वांत कमी. शिवाय खेळाडूंचा लीगशी असलेला सध्याचा सामूहिक करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो. संघमालकांना पगारावर कमाल मर्यादा हवी आहे. ती आली तर वाढीला वेसण बसली. आणखी एक फट विलंबित मानधनाची. लॉस एंजेलिस डॉजर्सच्या शोहेई ओहतानीच्या 70 कोटींच्या करारातले 68 कोटी 2034 ते 2043 या काळात द्यायचे आहेत. 1996 च्या संघीय कायद्यानुसार, दहा किंवा अधिक वर्षे समान हप्त्यांत येणाऱ्या अशा पैशांवर, खेळाडू दुसऱ्या राज्यात राहायला गेल्यावर, पूर्वीच्या राज्याला कर लावता येत नाही. असा एकच करार इथे झाला तर आपला मोठा करदाता हातातून गेलाच म्हणायचा.

अशा वेळी पहिल्या वर्षांचे हप्ते पुढे ढकलण्याचा मोह होतो. मायामीत तेच झाले. 2012 मध्ये उघडलेल्या मैदानासाठी काउंटीने जे रोखे काढले, त्यातल्या 9.1 कोटी डॉलरच्या एका भागाची परतफेड 2048 पर्यंत 1 अब्जाच्या वर जाते, कारण व्याज भरायचेच नाही, मुद्दलात मिसळत राहायचे.

म्हणून विनंती अशी की 80 कोटी ही कमाल मर्यादा समजावी, उद्दिष्ट नव्हे. रोखे टप्प्याटप्प्याने काढावेत आणि पुढचा टप्पा प्रत्यक्ष जमा झालेल्या कराच्या आकड्यावर ठरवावा. वरच्या हिशेबाने आजच्या पगारांवर 20 ते 33 कोटींचेच रोखे पेलतात. व्याज मुद्दलात मिसळणारे रोखे कराराने वर्ज्य करावेत. तूट आली तर ती संघमालकांनी भरावी, आणि ती हमी मैदानापुरत्या काढलेल्या कागदी कंपनीची नसावी, खऱ्या मालकांची असावी. रोखे फिटेपर्यंत संघ हलणार नाही, हेही लिहून घ्यावे.

पोर्टलंड हे आजही सिएटल मरिनर्स या संघाच्या प्रक्षेपण हद्दीत मोडते, म्हणजे इथे सामने दाखवण्याचा हक्क त्या संघाचा आहे. प्रक्षेपणाचे उत्पन्न नसेल तर तूट भरायला मालकांकडे पैसा कुठून येणार? म्हणून हा मुद्दा त्यांच्या हमीला पोखरू शकतो. 2005 मध्ये वॉशिंग्टन डीसीत संघ नेताना शेजारच्या बाल्टिमोरच्या संघाला सामने दाखवणाऱ्या वाहिनीत मोठा वाटा दिला गेला आणि त्यावरून कित्येक वर्षे खटले चालले. पोर्टलंडचे प्रक्षेपण-उत्पन्न कुणाचे, हे लीगकडून लेखी आल्यावरच पहिल्या टप्प्याच्या रोख्यांना मंजुरी द्यावी.

आपले,
पोर्टलंड परिसरातील काही मराठी बेसबॉलप्रेमी