पाचपाखाडीचं घर भाड्याने देण्याआधी

नेरूळ, नवी मुंबई

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर देवरुखलाच राहायचं हे तुमचं ठरलं, ते मला मनापासून आवडलं. फक्त ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या घराबद्दल परवा फोनवर जे बोललात ते डोक्यातून जात नाही. बाबा म्हणाले, घर बंद ठेवू, पण परक्याला देणार नाही. आणि द्यायचंच झालं तर शेजारच्या काकांच्या ओळखीतला मुलगा आहे, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देऊ. फार कागद नकोत, कागद वाढले की भाडेकरूचा हक्क वाढतो. बाबा, हे शेवटचं वाक्य मला खोडायचं आहे. आपल्या राज्यात नेमकं उलटं आहे. नोंदणीचा कागद नसेल तर घरमालकाचीच बाजू लंगडी पडते.

तुमची भीती उगाच नाही, हे मला ठाऊक आहे. चरईच्या चाळीत तुम्ही वाढलात. पागडीच्या खोल्या आणि वर्षानुवर्षं गोठलेलं भाडं तुम्ही जवळून पाहिलंत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाड्याला लगाम घातला. मग १९७३ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी ज्यांचा लायसन्सचा करार (म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता जागा ठरावीक मुदतीसाठी वापरू देण्याचा करार) चालू होता आणि जे जागेत राहत होते, त्यांना कायद्याने भाडेकरूचं संरक्षण मिळालं. अकरा महिन्यांच्या बोलीवर खोली दिलेल्या कितीतरी मालकांची जागा तेव्हा अडकली. ‘एकदा आत घेतला की निघत नाही’ हे आजोबांच्या तोंडचं वाक्य तिथून आलंय. त्या कायद्याने अनेक गरीब कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर टिकवलं हेही खरं, आणि स्वतः भाड्याच्या घरात राहणारी मी ते विसरू शकत नाही. पण तो कायदा आता राहिलेला नाही.

त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तुमच्या कामाची त्यातली दोन कलमं आहेत. पहिलं कलम ५५. घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही आणि पुढे भांडण झालं, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल राहणारा माणूस जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे तो म्हणाला की भाडं आठ हजार ठरलं होतं, तर तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करत बसायचं. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून आली आहे. त्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे ती पळवाट उरत नाही. अकरा महिने असोत की तीन वर्षं, नोंदणी हवीच. काकांची नोटरी इथे कामाची नाही.

दुसरं कलम २४, आणि बाबा, हे तुम्ही शांतपणे वाचा. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की त्या माणसाने घर रिकामं करून द्यायचं असतं. नाही केलं, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. लेखी करारात जे लिहिलंय तो तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई ठरल्या भाड्याच्या दुप्पट दराने लावता येते. समोरच्याला नुसतं तारखा घेत बसता येत नाही. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आधी लढण्याची परवानगी मागावी लागते. ज्या भीतीने तुम्ही घर बंद ठेवायला निघालात, तिच्यावरचा इलाज कायद्यातच लिहिलेला आहे. तो मिळतो मात्र करार नीट केलेल्यालाच.

नोंदणीसाठी रजिस्ट्रार कचेरीत रांग लावायची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भाडेकराराची ई-नोंदणी होते. दोन्ही बाजू आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचं आधार आणि मशीनवर अंगठा. मशीन घेऊन घरी येणारे एजंटही ठाण्यात भरपूर आहेत, पण ते किती घेणार हे आधी ठरवून घ्या. सरकारी खर्च फार नाही. शहरी भागात नोंदणी फी एक हजार रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, तेही मुदतीतलं सगळं भाडं आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या दोन्हींच्या बेरजेवर. समजा महिना बावीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिने, तर शुल्क सहाशे-सातशेच्या घरात येतं. एवढ्या पैशांसाठी नोटरीचा आडमार्ग कशाला धरायचा?

एक अडचण मला आधीच दिसते. वागळे इस्टेटमध्ये इतकी वर्षं लेथवर काम करून बाबांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. पेन्शनच्या वेळी मशीन त्यांचा अंगठा घेतच नव्हती, आठवतं ना आई? म्हणून देवरुखला निघायच्या आधी आधार केंद्रात जाऊन दहाही बोटांचे ठसे नव्याने देऊन या. एक बोट नाही उमटलं तर दुसरं लागतं.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरही ती सोय आहे. त्याची पोच जपून ठेवा.

सोसायटीचं मात्र जरा सविस्तर लिहिते, कारण सेक्रेटरी ‘कमिटीची परवानगी आणा’ म्हणणार हे मला माहीत आहे. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, घर लायसन्सवर द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आधी लेखी कळवायचं आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, त्यावर १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने मर्यादा घातली आहे. ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवा शुल्क म्हणजे आख्खं मेंटेनन्सचं बिल नव्हे. महापालिकेचा कर त्यात धरायचा नसतो. जास्त लावलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. (याच आदेशात घरच्या माणसांना, लग्न झालेल्या मुलीलाही, हे शुल्क लागत नाही. मी तिथे राहायला आले असते तर एक रुपया लागला नसता. पण मला नेरूळच सोयीचं आहे.)

आता आईशी. आई, तू म्हणालीस की फक्त कुटुंब हवं, एकट्या मुली नकोत. नेरूळला घर शोधताना मी हेच वाक्य दारोदार ऐकलं. काय करतेस, किती वाजता येतेस, कोण भेटायला येतं, असल्या प्रश्नांची उत्तरं देऊन मी खाली जिन्यात बसून राहायची. माझ्या आईच्या घराच्या दारात दुसऱ्या कुणाच्या मुलीला असं उभं राहावं लागू नये, एवढंच मागते. माणसाची नोकरी पाहा, आधीच्या घरमालकाला फोन करा, बोलून पाहा. लग्न झालंय की नाही आणि ताटात काय वाढतात, यावरून भाडं वेळेवर येईल की नाही हे कळत नाही.

डिपॉझिटचंही तसंच. कोपरखैरण्याच्या माझ्या आधीच्या घरमालकांनी रंगकामाच्या नावाखाली डिपॉझिटची मोठी रक्कम ठेवून घेतली. भिंतीला रोजच्या वापराने जी कळा येते तिचे पैसे कुणी कुणाकडून घ्यायचे नसतात. तुम्ही करारातच लिहा की चावी मिळेल त्याच दिवशी डिपॉझिट परत, आणि कशाकशाचे पैसे कापले जाऊ शकतात तेही. घर देताना गिझर, पंखे, नळ, किचन ओटा, खिडक्यांच्या काचा, सगळ्यांचे फोटो काढून यादी दोघांच्या सहीने जोडा. महावितरणचं आणि गॅसचं रीडिंगही त्या दिवशी टिपून ठेवा. नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंना सारखी. घरी यायचं असेल तर आधी फोन करून यायचं, बाबा, घर तुमचं असलं तरी. आणि भाडं कितीही थकलं तरी पाणी तोडणं, वीज बंद करणं, कुलूप बदलणं यातलं काही करायचं नाही. कायद्याला ते चालत नाही, आणि आपल्या घरात ते कधी घडूही नये.

भाडं बँकेतच घ्या. त्यावर आयकर लागला तरी, तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर तीस टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची बिलं दाखवावी लागत नाहीत.

तरीही काही बिनसलं तर कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे वकिलाची मदत फुकट मिळते आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. घर आईच्याही नावावर आहे, म्हणून अर्ज आईनेच करायचा.

शनिवारी मी येते. तोवर दोघांची आधार आणि पॅन कार्डं, शेअर सर्टिफिकेट, घराच्या खरेदीखताची प्रत आणि शेवटचं वीजबिल एका पिशवीत काढून ठेवा. काकांच्या ओळखीच्या त्या मुलालाही बोलवा, त्याच्याशी मी स्वतः बोलेन. करार चालेल म्हणाला तर त्यालाच देऊ.

तुमची,
मनू