प्रकल्प संपल्यावर

इंदूर, रविवार संध्याकाळ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

गाडी वेळेवर पोचली, खोलीची किल्ली मिळाली, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. बाबांनी तो दोनदा वाचला आणि फोन परत दिला, बोलले काही नाहीत. निघायच्या आदल्या रात्री तू म्हणालीस ना, "आजोबांची नोकरीसुद्धा पर्मनंटच होती," ते त्यांना फार लागलंय. खरं होतं म्हणून जास्त लागलं असावं. तुम्हा दोघांत मी त्या वेळी पडले नाही, कारण तुम्ही दोघं चढल्या आवाजात बोलायला लागलात की तिसऱ्याला जागाच राहत नाही. पण मनात पुष्कळ राहिलंय. शाळेची कायमची नोकरी तू नाकारलीस आणि अठरा महिन्यांच्या फेलोशिपवर दिल्लीच्या वस्तीत बायकांबरोबर कलेचं काम करायला गेलीस, तो विषय माझ्यापुरता संपला. पगाराबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

तू न्यूयॉर्कच्या त्या बाईंबद्दल सांगितलं होतंस, मिअर्ल लेडरमन युकेलीस. सगळ्या शहराचा कचरा उचलणाऱ्या साडेआठ हजार माणसांना भेटून, एकेकाशी हात मिळवून, शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. १९७९-८० मध्ये. ही कला, असं तू म्हणालीस तेव्हा बाबा उठून आत गेले. मी गेले नाही. मला ती गोष्ट रात्रभर पुरली. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, दरवर्षी पेपरात फोटो असतात, पण पहाटे राजवाड्यापाशी झाडणाऱ्या बायकांचा हात हातात घेतलेला मी तरी कुणाला पाहिला नाही. त्या बाईंना हे सुचलं कधी, तर पहिलं मूल झाल्यावर, घरातलं रोजचं काम अंगावर पडल्यावर. हे मला लगेच पटलं. रोज करावं लागतं आणि कुणाला दिसत नाही, असं काम कुठलं ते बाईला वेगळं सांगावं लागत नाही.

मग मी तुला विचारलं, त्यांना पगार किती? तू म्हणालीस, १९७७ पासून त्या शहराच्या स्वच्छता खात्याच्या अधिकृत कलाकार, पण बिनपगारी. किती अभिमानानं सांगितलंस! माझ्या पोटात गोळा आला. इतकं मोठं नाव, इतकं मोठं काम आणि पगार नाही. त्यांचं घर कसं चाललं असेल, हे मला अजून कळलेलं नाही. बघ, आलाच विषय.

खरं सांगू का, बाबांची भीती तुझ्याबद्दल कमी आणि परदेशीपुऱ्याच्या त्या घराबद्दल जास्त आहे. मी लग्न होऊन त्या घरी आले तेव्हा मिलचा भोंगा झाला की सगळी गल्ली एकदम हलायची. आजोबा विणाई खात्यात. भाद्रपद जवळ आला की पाळी संपल्यावरही ते घरी येत नसत. मिलच्या आवारात झांकी, म्हणजे मिरवणुकीतला चित्ररथ, उभी राहत असायची. लाकूड, बांबू, गोणपाट, कागदाचा लगदा आणि खूप सारे दिवे. एरवी साचे, म्हणजे कापड विणायची यंत्रं, दुरुस्त करणारे फिटर देवीचा हात वर-खाली होईल अशी मोटर बसवायचे. इलेक्ट्रिशियन रात्र रात्र दिव्यांच्या माळा ओवायचे. अनंत चतुर्दशीला हुकमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, सगळ्या मिलच्या झांक्या एकामागून एक निघायच्या, पुढे आखाड्यांची पोरं लाठी फिरवत, आणि आख्खं इंदूर रस्त्यावर जागं. सासूबाईंनी मला ओटल्यावर उभं करून दाखवलं होतं, "ते बघ, तो गरुड. त्याचे पंख तुझ्या सासऱ्यांनी केलेत." त्या पंखांवर कुणाचं नाव नव्हतं, पण गल्लीतल्या प्रत्येक पोराला ते कुणी केले हे ठाऊक होतं.

मग मिल बंद पडल्या. हुकमचंदचं तर सगळ्यांना माहीत आहे, डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली, ५८९५ कामगार, आणि त्यांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये मिळायला डिसेंबर २०२३ उजाडला. बत्तीस वर्षं. आजोबांची मिल वेगळी, हिशेबही वेगळा, पण वाट बघणं तेच. आमचं लग्न झालेलं असूनही बाबा तेव्हा पुढे शिकायला कॉलेजात जाणार होते, ते गेले नाहीत, हे तुला माहीत आहे. त्यांना कायमची नोकरी म्हणजे काय वाटतं ते त्यातून आलंय. तू म्हणतेस, कायमचं म्हणून जे होतं तेच बुडालं, मग अठरा महिन्यांच्या फेलोशिपला काय घाबरायचं? तुझा मुद्दा मला समजतो. बाबांना तो समजत नाही असं समजू नकोस. त्यांनी बुडताना पाहिलंय, म्हणून ते काठ शोधतात.

पण मला यातली दुसरी गोष्ट सांगायची आहे. मिल बंद झाल्या तरी झांक्या बंद झाल्या नाहीत. पगार नव्हता, त्या वर्षीसुद्धा लोकांनी चंदा गोळा केला, घरोघर फिरले, जुन्या झांकीचं लाकूड काढून नवी उभी केली. आजोबाही गेले होते. सासूबाई चिडल्या, घरात तेल नाही आणि तुम्ही दिवे कसले लावता? ते म्हणाले, "झांकी मालकाची नव्हती कधी." एवढंच. आजही निघतात झांक्या. इतक्या वर्षांनी त्या वाक्याचा अर्थ तुझ्या कामामुळे मला लागला.

म्हणून विचारते, राग मानू नकोस. दिल्लीच्या त्या वस्तीत तू अठरा महिने राहशील, बायकांबरोबर बसशील, त्यांच्या गोधड्या, त्यांची गाणी, त्यांच्या गावाकडच्या वाटा यांचं प्रदर्शन लावशील. लोक येतील, चांगलं लिहितील. एकोणिसाव्या महिन्यात काय? तू दुसऱ्या गावी दुसऱ्या प्रकल्पाला जाशील. त्या बायका तिथेच असतील. त्यांच्या हातात काय राहील? आणि तुझ्या हातात?

तू बस्तरचं सांगितलं होतंस, ते मला या बाबतीत फार आवडलं. कलाकार नवजोत अल्ताफ मुंबईहून तिथल्या कोंडागावला गेल्या आणि वर्षानुवर्षं जातच राहिल्या. तिथल्या शांतीबाई, राजकुमार कोर्राम यांच्याबरोबर हातपंपांभोवती बांधकाम केलं, त्यात भरलेलं भांडं टेकवायला मधली पायरी, म्हणजे बाईला ते एकदम जमिनीवरून डोक्यावर उचलावं लागू नये. ज्यानं कधी पाणी भरलंय त्यालाच हे सुचणार किंवा जो पाणी भरणाऱ्या बाईजवळ पुष्कळ वेळ बसलाय त्याला. तिथे कुणी प्रदर्शन बघायला येवो न येवो, हंडा टेकतोय. असं काही तुझ्या हातून व्हावं असं वाटतं मला. आणि तिथल्या कलाकारांची नावं कामाबरोबर घेतली जातात, हेही लक्षात ठेव. "स्थानिक महिलांच्या सहभागातून" असं लिहून मोकळी होऊ नकोस. सहभागाला नाव असतं, आडनाव असतं.

बँकेत मी कागदांवरच आयुष्य काढलं, तेव्हा एवढं सांगायचा हक्क मला आहे. प्रत्येकीचं नाव तिला हवं तसं लिही. फोटो लावायच्या आधी तिच्या भाषेत विचार आणि उत्तर कागदावर घे. ती दुपारभर तुझ्याजवळ बसते तेव्हा तिचं दुसरं काम बुडतं, त्या वेळेचे पैसे प्रकल्पाच्या खर्चात पहिल्या दिवसापासून धर, शेवटी उरले तर देऊ असं नको. प्रदर्शनानंतर त्या गोधड्या कुणाच्या, विकल्या तर पैसे कुणाचे, हे आत्ताच ठरव. आणि स्वतःचा करार वाच. मानधन दर महिन्याला की टप्प्याटप्प्यानं, काम मध्येच थांबलं तर काय, आजारी पडलीस तर किती दिवस. आरोग्य विमा संस्था देत नसेल तर स्वतःचा काढ, मी हप्ता भरते. भरू दे मला. हे पगाराबद्दल नाही, विम्याबद्दल आहे.

फार झालं. तू सव्वीस वर्षांची आहेस आणि मी तुला बालवाडीत सोडताना डबा कसा उघडायचा ते सांगावं तसं सांगत सुटलेय. माफ कर.

आपल्या इंदुरातून चित्रकार गेले, ते पुष्कळ. देवळालीकर मास्तरांच्या शाळेतून बेंद्रे गेले, हुसेन गेले, पुढे त्यांची केवढी नावं झाली. चिंचाळकर गुरुजी मात्र इथेच राहिले, वाळकी पानं, काटक्या, फेकलेल्या वस्तू यांतून मुलांना चित्रं दाखवत. आमच्या लहानपणी मोठी माणसं हळहळायची, एवढा हात असून माणूस मोठ्या शहरात गेला नाही. आता वाटतं, गुरुजींकडे बघून किती मुलांनी वाळकं पान उचलून निरखलं असेल! तू त्यांच्यातली आहेस की बेंद्र्यांच्या वाटेची, मला माहीत नाही. दोन्ही चांगलं. घरी फोन करत राहा म्हणजे झालं.

आणि हे बाबा तुला कधी सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. तू चाळीतल्या त्या रिकाम्या खोलीत मिलवाल्यांच्या वस्तूंचं प्रदर्शन लावलंस ना, तेव्हा ते रोज संध्याकाळी तिथे जायचे. फिरून येतो म्हणून जायचे. आजोबांचा डबा तू खिडकीत ठेवला होतास, शेजारी ते गरुडाचे पंख असलेला फोटो, आणि खाली पुठ्ठ्यावर आजोबांचं पूर्ण नाव. एका संध्याकाळी मी मागून गेले तर बाबा कुठल्या तरी अनोळखी पोराला समजावत होते, साचा कसा चालतो, धोटा कुठून कुठे जातो. असे हातवारे करत बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या रात्री जेवताना म्हणाले, "पोरीनं नीट मांडलंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे काय ते तू जाणतेसच. भांडणात ते हे सगळं विसरतात, तूही विसरतेस. मला ते लक्षात ठेवावं लागतं.

बुधवारी त्यांना फोन कर. करार वाचून दाखव त्यांना, मला नको. त्यांना विचार, यात काय राहिलंय? ते चष्मा लावून बसतील.

आता एक काम. तुझ्या प्रदर्शनाला लोकांनी वस्तू दिल्या, त्यांची वही मी ठेवली होती. सगळ्यांनी सह्या करून वस्तू परत नेल्या, दोन सोडून. पितळी कडीच्या डब्याचे मालक गावी गेलेत, दिवाळीला येतील, तो आपल्या कपाटात नीट आहे. दुसरा तो गेटपास, कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंच्या यजमानांचा. काकू आता देवासला मुलीकडे असतात. पत्ता मिळालाय, गुरुवारी बसनं जाऊन देऊन येते, सही घेते. प्रदर्शनात त्या तासन् तास बसायच्या, तुला आठवत असेल. पुन्हा कधी लावणार, हे त्या मला विचारणार, नक्की विचारणार. काय सांगू, ते गुरुवारच्या आत कळव.

तुझी,
आई