सगळंच डोहाळ्यांवर ढकलू नकोस

प्रिय सुलू,

तू कळवलंस ते वाचलं: रात्री तीनला जाग, मग डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, उगाचच रडू. आणि घरचे म्हणतात, "डोहाळेच ते." सातव्या महिन्यात? आपल्याकडे त्या एका शब्दावर फार काही खपवतात बघ.

आधी अंगाचं बघ. रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी अशीच उदासी नि धडधड होते. येत्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात डॉक्टरांची तपासणी असेल, तेव्हा हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) दोन्ही करायला सांग. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर गोळी कशी घेतेस तेही बघ. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, आणि कॅल्शियमची गोळी दोन तासांच्या अंतराने. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट अंगी लागत नाही. मळमळत असेल तर जेवल्यावर घे.

आता मनाचं. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास वाटत असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर तो नुसता थकवा म्हणून सोडून देऊ नये. आशाताईंकडे किंवा डॉक्टरांकडे एडिंबरा प्रश्नावली माग, उदासी किती आहे ते ताडायची. मुळात ती १९८७ साली बाळंतिणींसाठी केली, पण गरोदरपणातही वापरतात. मागच्या ७ दिवसांबद्दल १० प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायचंच. नुसत्या आकड्यावरून मात्र निदान होत नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याला "कधीच नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर त्याच दिवशी बोल, बाकीची बेरीज कितीही कमी असो. १४४१६ या सरकारच्या मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर (टेली-मानस) रात्री-अपरात्रीही फोन लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नकोस; काही गोळ्या बाळाला घातक असतात म्हणून बदलाव्या लागतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

जाग आली की घड्याळ बघू नकोस. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून बस, चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा मिनिटं. मग डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पड.

तुझी खरी धास्ती मला वाटतं वाटेची आहे. तारीख गणपतीच्या सुमाराची, गुहागरहून चिपळूण ४५ किलोमीटर, आणि २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूणचं काय केलं ते आपण जाणतोच. तेव्हा ३७वा आठवडा लागला की दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे राहायला जा. रक्त मिळेल असं रुग्णालय आत्ताच ठरव. १०८ शिवाय गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर भिंतीवर लिही. भावोजी "चवथीला येतोच" म्हणतात, पण तेव्हा महामार्गावर गाड्यांची रीघ असते. त्यांना म्हणावं, रजा आठ दिवस आधीची टाका.

एक मात्र उलटंही लक्षात ठेव. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल मंदावणं, रक्तदाब १४०/९० किंवा वर, यातलं काहीही ताणावर ढकलायचं नाही, लगेच दवाखाना.

टीएसएचचा आकडा आला की कळव.

तुझी,
मंदा